वेबपान घडविण्याची विद्या

दहावी-बारावी झालेली मुले हल्ली गुरुजींना एक प्रश्न हमखास विचारतात. "गुरुजी, मला वेब डिझायनर व्हायचंय. तालुक्याला क्लास आहे, पण फी फार सांगतात. भरू का पैसे?" घरी वडील गप्प बसतात, कारण तेवढा पैसा उभा करायचा तर गोठ्यातल्या म्हशीला गिऱ्हाईक पाहावे लागते. आणि गुरुजीही गप्प बसतात, कारण त्यांच्या शिक्षणाच्या काळी ही विद्याच नव्हती.

ह्या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू या. थोडक्यात सांगायचे तर ह्या विद्येची उत्तमातली उत्तम पुस्तके इंटरनेटवर कोणालाही फुकट उघडी आहेत. पण पुस्तके गोळा केली म्हणजे विद्या आली, असे होत नाही. कोणते साधन केव्हा हाती घ्यावे, आणि आपण खरोखर शिकलो की नाही हे कशावरून ओळखावे, एवढे कळले पाहिजे. ते कळले तर म्हैस गोठ्यातच राहील.

प्रथम वेबपान म्हणजे काय ते पाहू. तुमच्या घरी लग्न निघाले आहे असे समजा. पत्रिकेचा मजकूर तुम्ही कागदावर लिहिता आणि छापखान्यात नेऊन सांगता, "हे वर देवाचे नाव, ही वधूवरांची नावे, हा मुहूर्त, आणि ही खाली निमंत्रकांची यादी." कोणता मजकूर कोण आहे, हे सांगण्याचे काम वेबपानात एचटीएमएल नावाची भाषा करते. मग छापखानेवाला ठरवितो की नावे मोठ्या टायपात घ्यावी, शाई तांबडी वापरावी, कडेला एवढी जागा सोडावी. हे काम सीएसएस करते. आता पत्रिका काही बोलत नाही. पण मुहूर्तावर बोट ठेवताच "अजून बारा दिवस आहेत" असे तिने सांगितले असते तर? वेबपानात ते काम जावास्क्रिप्ट करते. ह्या तिन्ही विद्या ह्याच क्रमाने शिकाव्या. पुष्कळ मुले तिसरीपासून सुरुवात करतात आणि मग मजकुराविना शाई सांडत बसतात.

आता तुम्ही विचाराल, इतकी मोलाची विद्या फुकट का? त्यालाही कारण आहे. जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी संशोधनसंस्था आहे. तिथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की वेबचे मूळ सॉफ्टवेअर सर्वांना मोकळे आहे, त्यावर आमचा हक्क नाही. म्हणून कोणाची परवानगी न घेता, कोणाला पैसे न देता कोणीही वेबपान घडवू लागला. पुढे १९९४ साली बर्नर्स-ली ह्यांनी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. वेबचे नियम ठरविणारी ही संस्था ते सर्वांसाठी उघडे प्रसिद्ध करते.

ह्याहून मोठी गोष्ट अशी, की वेबपान आपला आतला मजकूर लपवीत नाही. संगणकावर कोणतेही पान उघडा, कंट्रोल आणि यू ह्या दोन कळा एकदम दाबा. ते पान ज्या मजकुरातून घडले तो सारा पुढे येतो. एफ-बारा ही कळ दाबली तर त्यातला एकेक भाग निवडून, त्याचा रंग कोणता, आकार किती, हेही पाहता येते. बदलूनही बघता येते. तुम्ही केलेला बदल फक्त तुमच्या पडद्यावर दिसतो, मूळ पानाला धक्का लागत नाही. आपला शेतकरी बांधावर उभा राहून शेजाऱ्याच्या वावरातली पाभर कशी चालली आहे ते पाहतो आणि घरी येऊन करून बघतो, त्यातलाच हा प्रकार. जगातल्या पहिल्या पिढीचे कितीतरी वेब डिझायनर असेच बांधावरून शिकले. मात्र पाहून शिकणे वेगळे आणि दुसऱ्याचे पीक कापून आणणे वेगळे. दुसऱ्याचे चित्र वा मजकूर उचलून आपल्या नावाने लावू नये.

आता साधनांकडे वळू. ती चार कामांची आहेत: वाचण्याची, पाहण्याची, करण्याची आणि तपासण्याची.

वाचण्यासाठी पहिले नाव घ्यावे ते एमडीएनचे. फायरफॉक्स हा ब्राउझर बनविणाऱ्या मोझिला संस्थेने २००५ साली सुरू केलेला हा संदर्भग्रंथ आहे. शब्दकोश जसा कपाटात असतो आणि अडले की काढतात, तसा हा वापरावा. त्यातच नवशिक्यांसाठी क्रमाने पाठही दिले आहेत. मुलांना डब्ल्यूथ्री-स्कूल्स हे दुसरे ठिकाण सोपे वाटते, कारण तिथे लहान उदाहरण असते आणि ते तिथल्या तिथे चालवून पाहता येते. नावावरून फसू नका. वर सांगितलेल्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेशी त्याचा संबंध नाही. तिसरे ठिकाण फ्रीकोडकॅम्प. हे २०१४ साली सुरू झाले. तिथे वाचून पुढे जाता येत नाही. प्रत्येक पायरीवर स्वतः लिहावे लागते, बरोबर आले तरच पुढचे दार उघडते. आपल्या शाळेतल्या पाटीवरच्या गणितासारखे!

"हे सगळे इंग्रजीत आहे, आमच्या मुलांचे कसे व्हायचे?" हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यात संगणकाच्या निरनिराळ्या विषयांवरचे लहान लहान ध्वनिचित्र-पाठ असून पुष्कळ पाठांना मराठी आवाज दिलेला आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करायचे, समजले नाही तर थांबवून मागे जायचे, अशी ती रीत आहे. सुरुवात तिथून करावी. आणि एक लक्षात ठेवा, एचटीएमएलच्या भाषेत रोज लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच आहेत. हेड, बॉडी, इमेज, टेबल हे शब्द आपल्या मुलांना ऐकून माहीत असतातच.

दुसरे काम पाहण्याचे. त्यासाठी एक सुंदर ठिकाण आहे, सीएसएस झेन गार्डन. डेव्ह शे ह्या कॅनडातल्या डिझायनरने ते २००३ साली उभे केले. त्याने एकच एचटीएमएल पान ठेवले आणि जगातल्या डिझायनरांना सांगितले, "ह्यातल्या एका अक्षराला हात लावू नका, फक्त सीएसएस बदला." नाटकाची संहिता एकच, पण नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषा बदलून दहा मंडळ्यांनी दहा प्रयोग करावे, तसे तिथे झाले. एक पान बागेसारखे, एक जुन्या पोथीसारखे, एक सिनेमाच्या जाहिरातीसारखे; आणि आतला मजकूर तोच. मजकूर आणि सजावट वेगळी का ठेवावी, हे दहा व्याख्यानांनी पटत नाही ते इथे अर्ध्या तासात पटते.

तिसरे काम करण्याचे, आणि हेच सर्वांत मोठे. ह्याला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. शाळेच्या जुन्या संगणकात नोटपॅड असते, तेवढे पुरे. संगणक नसेल तेव्हा कोडपेन नावाच्या ठिकाणी ब्राउझरमध्येच लिहिता येते आणि परिणाम लगेच शेजारी दिसतो. फोनवर ते थोडे अडचणीचे जाते, पण सराव होतो. पान तयार झाले की ते जगाला दिसावे म्हणून गिटहब पेजेस ही सोय आहे. साध्या पानांना तिथे फुकट जागा मिळते.

पण कोणते पान करायचे? इथेच बहुतेकांची गाडी रुतते. मुले पन्नास ठिकाणांच्या खुणा साठवून ठेवतात, तीन ठिकाणचे पाठ अर्धे करतात, आणि स्वतःचे एकही पान पुरे करीत नाहीत. बी-बियाणांची दुकाने हिंडून पीक येत नाही. म्हणून माझे सांगणे असे की पहिल्याच दिवशी एक खरे काम हाती घ्यावे. गावच्या शाळेचे पान घ्या. त्यात शाळेचा पत्ता, वेळ, प्रवेशाला लागणारी कागदपत्रे, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, एवढेच असू द्या. ते पान कोणाला तरी उद्या लागणार आहे, म्हणून ते बरोबर असले पाहिजे, ही जाणीव कोणत्याही पाठापेक्षा जास्त शिकविते.

हे पान मराठीत करताना काही गोष्टी इंग्रजी पाठांत सापडणार नाहीत, किंवा ओझरत्या सापडतील. त्या नीट सांगतो.

पहिली, मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर गेला की त्याची गिचमीड होते, आणि शोधून तो सापडत नाही.

दुसरी, ओळींत जागा सोडा. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या नमुन्यात ओळी जवळ जवळ असतात. आपल्याला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. ती माणसे दाटीवाटीच्या एसटीतल्यासारखी एकमेकांच्या अंगावर येतात. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.७ पट ओळीची उंची ठेवली तर पान मोकळे वाटते. उलट अक्षराअक्षरांत मुद्दाम अंतर घालू नका. इंग्रजी मथळ्यात ते शोभते, पण आपली शिरोरेघ त्याने तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

तिसरी, पान मराठीत आहे हे एचटीएमएलच्या सुरुवातीलाच नोंदवा. त्यासाठी 'एम' आणि 'आर' ही दोन रोमन अक्षरे ठरलेली आहेत. त्यामुळे काय होते? 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणाची आहेत. ज्या फाँटात दोन्ही वळणे असतात, तो ही नोंद पाहून मराठी वळण देतो. आणि अंधांना पान वाचून दाखविणारी यंत्रणाही ह्याच नोंदीवरून मराठी उच्चार निवडते.

चौथी गोष्ट गुरुजींच्या खास जिव्हाळ्याची. "समारंभाला आचार्यांना बोलावले" आणि "समारंभाला आचाऱ्यांना बोलावले" ह्यांत केवढा फरक आहे! एकात व्याख्यान आहे, दुसऱ्यात जेवण. त्या दुसऱ्या शब्दातला अर्धा र टंकण्यासाठी खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो. ती कळ माहीत नसल्यामुळे वेबवर कितीतरी ठिकाणी दऱ्यांचा दर्या झालेला दिसतो. मुलांना हे शिकवायला मराठीच्या शिक्षकाहून अधिक योग्य कोण आहे?

फाँटही फुकट आहेत. गूगल फाँट्स हे भांडार २०१० साली सुरू झाले. त्यात देवनागरीचे अनेक फाँट आहेत. मुंबईच्या एक टाइप ह्या अक्षरकारांच्या संस्थेने घडविलेले मुक्त आणि बलू त्यांतलेच. एका पानाला एक, फार तर दोन फाँट पुरेत. लग्नाच्या मांडवात दोन बँड वाजले तर एकही ऐकू येत नाही.

चौथे काम तपासण्याचे. माझ्या मते खरा कारागीर इथे ओळखू येतो. तुमचे पान तुम्हाला चांगले दिसते ह्याला अर्थ नाही. ते कोणाला दिसणार? बांधावर बसलेल्या, मोतीबिंदू होऊ घातलेल्या आजोबांना, साध्या फोनवर, उन्हात, आणि सिग्नलची एकच काडी असताना. त्यांच्यासाठी चार कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी रंगाची. डब्ल्यूथ्रीसीने वेब सर्वांना वापरता यावे म्हणून नियम केले आहेत. पहिले १९९९ साली आले आणि त्यांत वेळोवेळी भर पडली. त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजेडातला फरक मोजून सांगितला आहे. साध्या आकाराच्या मजकुराला तो निदान ४.५ ला १ असावा. पांढऱ्यावर काळे अक्षर घेतले तर तो २१ ला १ भरतो. पांढऱ्यावर भडक पिवळे घेतले तर जेमतेम १.०७ ला १. हे मोजून देणारी साधने वेबवर फुकट आहेत. वेबएम ह्या संस्थेचे साधन त्यांपैकी एक.

दुसरी कसोटी वजनाची. फोनवर काढलेला फोटो चार एमबीचा भरतो असे धरा. सेकंदाला एक मेगाबिट इतकाच वेग मिळत असेल, तर तो फोटो उतरायला ३२ सेकंद लागतील. तोच फोटो लहान करून २०० केबीवर आणला तर १.६ सेकंद. फरक पाहिलात? स्क्वूश नावाचे साधन ब्राउझरमध्येच फोटो लहान करून देते. एफ-बारा दाबल्यावर क्रोममध्ये 'लाइटहाउस' नावाची तपासणीही मिळते. ती पानाला गुण देते आणि कुठे चुकले ते सांगते.

तिसरी कसोटी रुंदीची. इथन मार्कोट ह्या अमेरिकन डिझायनरने २०१० साली 'अ लिस्ट अपार्ट' ह्या वेबवरच्या मासिकात एक लेख लिहिला आणि लहानमोठ्या पडद्याप्रमाणे आपला आकार बदलणाऱ्या पानाची कल्पना मांडली. आज ती पायाच झाली आहे. म्हणून पान आधी फोनवर पाहावे, मग संगणकावर.

चौथी कसोटी कानाची. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे. ती पडद्यावरचे वाचून दाखविते. आधी ती बंद कशी करायची ते वाचून घ्या, कारण ती चालू असताना बोटांच्या खुणा बदलतात. मग डोळे मिटा आणि आपले पान ऐका. पुष्कळ ठिकाणी सूचनेचा कागद फोटो काढून तसाच लावतात. टॉकबॅकला त्या फोटोतला मजकूर धड वाचता येत नाही. ज्या अंध मुलीला ती शिष्यवृत्ती हवी आहे, तिच्यापर्यंत शेवटची तारीख पोचतच नाही. तोच मजकूर टंकून घातला की पोचतो. पाच मिनिटांच्या कष्टाने एखाद्याचे वर्ष वाचते.

आता एक नवा प्रश्न. हल्ली कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला सांगितले की ते आख्खे पान लिहून देते. मग शिकायचे कशाला? यंत्राची मदत जरूर घ्यावी. अडलेली ओळ समजावून सांगायला ते चांगले आहे. पण ते चुकतेही, आणि ठासून चुकते. आजोबांना ते अक्षर दिसते की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ज्याला स्वतःला वाचता येते, त्यानेच दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यावे. नाही तर काय लिहिले आहे ते कळणार कसे?

मग क्लास लावूच नये का? तसे नाही. समोर बसून चूक दाखविणारा शिक्षक मिळाला तर तो सोन्याचा. पण पैसे भरण्यापूर्वी तीन महिने वरच्या साधनांनी काम करावे. गोडी टिकली, एक पान पुरे झाले, तर क्लासमध्ये काय विचारायचे ते मुलाला कळेल, आणि शिकविणाऱ्याला किती येते तेही कळेल. नुसत्या प्रमाणपत्राच्या कागदासाठी पैसे भरू नयेत. ह्या धंद्यात काम देणारा माणूस आधी "तुझे पान दाखव" म्हणतो.

शिक्षकांना शेवटी एक सुचवितो. शाळेत आठवड्याचा एक तास ह्यासाठी काढा. तुम्हाला सीएसएस येत नसले तरी चालेल. मुले ते शिकतील, तुम्ही मजकूर तपासा, शुद्धलेखन पाहा आणि "हे कोणासाठी?" एवढे विचारीत राहा. पान तयार झाले की मुलाला फोन घेऊन पारावर पाठवा. तिथल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि विचारायचे, "आजोबा, अर्जाची शेवटची तारीख कोणती, ते ह्यात बघून सांगा." मग आपण काही बोलायचे नाही, बोटही दाखवायचे नाही. नुसते पाहत राहायचे. आजोबांनी तारीख सांगितली, तर मुलाला विद्या आली. नाही सांगितली, तर चूक आजोबांची नव्हे. घरी यायचे, पान पुन्हा उघडायचे आणि जिथे त्यांचे बोट अडले, तिथून कामाला लागायचे.